सेवेची मागणी करणारे कार्यालयीन पत्र

करंजाच्या डोंगरावरील द्रोणागिरी किल्ल्याचे नाव घेऊन सिडकोने उरण तालुक्यात वसविलेला द्रोणागिरी नोड आज झपाट्याने भरत आहे. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले आणि या परिसरात गोदामे, कंटेनर यार्ड व मालवाहतुकीची कार्यालये उभी राहू लागली. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण हा लोहमार्ग व शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू यांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. त्यानंतर पनवेल, बेलापूर आणि मुंबईतील अनेक कुटुंबांचे लक्ष इकडे वळले. नव्या इमारतीत राहायला आलेल्या या कुटुंबांना काही दिवसांतच एका कामाला सामोरे जावे लागते. ते काम म्हणजे पत्र लिहिणे.

पाण्याचा दाब कमी आहे, पथदिवा बंद आहे, रस्त्याकडेला अवजड वाहने उभी राहतात, उद्वाहकाच्या देखभालीसाठी ठेकेदार नेमायचा आहे, बंदरातून आलेला माल सोडवायचा आहे. यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी कोणाकडे तरी सेवेची लेखी मागणी करावी लागते. दूरध्वनीवर बोलणे सोपे असते, प्रत्यक्ष भेटीत समाधानही वाटते; परंतु बोलण्याची नोंद राहत नाही. ज्याच्याशी बोललो तो अधिकारी बदलून गेला, की सारे पहिल्यापासून सांगावे लागते. पत्र मात्र फाइलमध्ये राहते आणि जो कोणी त्या खुर्चीवर येईल त्याच्याशी आपल्या वतीने बोलत राहते. म्हणूनच पत्र लिहिताना डोळ्यांपुढे ठेवायचा वाचक म्हणजे आपल्याला न ओळखणारा, आपली इमारत न पाहिलेला आणि हाताशी फारसा वेळ नसलेला एक माणूस. आपले पत्र वाचून त्याला लगेच कामाला लागता आले पाहिजे. चांगल्या पत्राची ही एवढीच कसोटी आहे.

पत्र कोणाच्या नावे?

पत्राचा मजकूर कितीही उत्तम असला, तरी ते चुकीच्या कार्यालयात गेले तर आठवडे वाया जातात. द्रोणागिरीसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिकच अवघड होतो. हा भाग नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत येत नाही आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेच्या हद्दीतही येत नाही. नोडच्या नियोजनाची व पाण्यासारख्या नागरी सेवांची जबाबदारी सिडकोकडे आहे. लगतच्या गावांचा कारभार ग्रामपंचायती पाहतात, तर उरण शहराचा कारभार उरण नगरपरिषद पाहते. वीजपुरवठा महावितरणचा, रेल्वे स्थानक मध्य रेल्वेचे, बंदराचे क्षेत्र जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचे आणि वाहतूक पोलीस नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाचे. एकाच रस्त्यावरील दिवा, खड्डा आणि बेकायदा उभे केलेले वाहन यांच्यासाठी तीन निरनिराळ्या कार्यालयांना लिहावे लागणे शक्य आहे.

त्यामुळे कागद हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करावी. पहिली, ही सेवा कोणती संस्था देते. पाण्याचे किंवा विजेचे देयक कोणाच्या नावाने येते, हे पाहिले तरी बराच उलगडा होतो. दुसरी, त्या संस्थेत या कामाचा निर्णय कोणत्या पदावरील अधिकारी घेतो. पत्र शक्यतो पदनामाने लिहावे, व्यक्तीच्या नावाने लिहू नये. व्यक्तीची बदली होते, पद मात्र कायम राहते. ‘मा. व्यवस्थापकीय संचालक’ यांच्या नावे थेट लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. असे पत्र पायरीपायरीने खाली उतरत अखेर त्याच अभियंत्याच्या टेबलावर येते. त्यात फक्त वेळ जातो. मूळ पत्र काम करणाऱ्या अधिकाऱ्यास आणि प्रत त्याच्या वरिष्ठास, ही पद्धत अधिक फलदायी ठरते.

योग्य ती कार्यवाही म्हणजे काय?

आपल्याकडील बहुसंख्य पत्रांचा मजकूर साधारणपणे असा असतो : ‘आमच्या विभागात गेल्या अनेक दिवसांपासून पाणी फारच कमी येत आहे. त्यामुळे महिला व ज्येष्ठ नागरिकांचे अतोनात हाल होत आहेत. वारंवार तोंडी तक्रार करूनही दखल घेतली जात नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.’

यातील एकही शब्द खोटा नाही. तरीही हे पत्र हाती आल्यावर अभियंत्याने नेमके काय करायचे? कोणती इमारत, कोणती जोडणी, किती दिवस, किती पाणी कमी, हे त्याला कळत नाही. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे काय, हे ठरविण्याचे काम आपण त्याच्यावरच सोपविलेले असते. मग त्या पत्रावर ‘पाहणी करून आवश्यक ती कार्यवाही करावी’ असा तितकाच मोघम शेरा पडतो आणि प्रकरण तिथेच थांबते. मोघम मागणीला मोघमच उत्तर मिळते.

‘फार’, ‘अतोनात’, ‘वारंवार’ या शब्दांच्या जागी आकडा, तारीख व ठिकाण घालून पाहावे. त्यासाठी थोडी पूर्वतयारी लागते. पाण्याचा प्रश्न असेल तर संस्थेच्या जलमापकाची नोंद दोन आठवडे रोज ठरावीक वेळी घ्यावी. नळाद्वारे पाणीपुरवठा व मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण केंद्र शासनाच्या पाणीपुरवठाविषयक मार्गदर्शक पुस्तिकेत दिलेले आहे. आपल्या नोंदी त्या प्रमाणाशेजारी ठेवल्या, की पत्राला वजन येते. विजेबाबत लिहायचे तर महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि पुरवठा खंडित झाल्याच्या तारखा व वेळा द्याव्यात. पथदिव्याबाबत लिहिताना खांबावरील क्रमांक पाहून घ्यावा. कार्यालयातील मनुष्याला आपली व्यथा समजतेच, परंतु त्याचे काम खांबाच्या क्रमांकावरून सुरू होते.

पत्राचा नमुना

पाणीपुरवठ्यासंबंधीच्या पत्राचा एक नमुना येथे देत आहोत. त्यातील संस्था व आकडे कल्पित आहेत. आपल्या परिस्थितीप्रमाणे त्यात बदल करावा.

(संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक व पूर्ण पत्ता)
जावक क्रमांक : १२/२०२५
दिनांक : ५ मे २०२५

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग,
(कार्यालयाचे नाव व पत्ता)

विषय : जोडणी क्रमांक (___) वरील पाणीपुरवठ्यात २१ एप्रिल २०२५ पासून झालेली घट, वाहिनीची तपासणी होऊन पुरवठा पूर्ववत होणेबाबत.
संदर्भ : आमचे दि. २५ एप्रिल २०२५ चे पत्र, आपला आवक क्रमांक (___).

महोदय,

आमच्या संस्थेत ४८ सदनिका असून सुमारे १९० रहिवासी आहेत. मार्च २०२५ मध्ये संस्थेस दररोज सरासरी २५,५०० लिटर पाणी मिळत होते. दि. २१ एप्रिल ते ४ मे या १४ दिवसांत ही सरासरी १४,५०० लिटर, म्हणजे दरडोई सुमारे ७६ लिटर इतकी खाली आली आहे. जलमापकाच्या दैनंदिन नोंदी सोबत जोडल्या आहेत. संस्थेच्या अंतर्गत वाहिन्यांची दि. २८ एप्रिल रोजी तपासणी करून घेतली असून त्यांत गळती आढळली नाही.

तरी आमच्या जोडणीवरील दाबाची व मुख्य वाहिनीवरील व्हॉल्व्हची तपासणी दि. १२ मे २०२५ पर्यंत करून पुरवठा पूर्ववत करावा, ही विनंती. दुरुस्तीस अधिक कालावधी लागणार असल्यास तो लेखी कळवावा व तोपर्यंत टँकरची व्यवस्था करावी. तपासणीच्या वेळी संस्थेचे सचिव सकाळी ८ ते ११ या वेळेत उपस्थित राहतील.

आपला विश्वासू,
(स्वाक्षरी, नाव व पद, संस्थेचा शिक्का, भ्रमणध्वनी)

सहपत्रे : १) जलमापकाच्या नोंदी, २) तपासणी अहवाल, ३) मागील पत्राची पोच.
प्रत माहितीसाठी : मा. अधीक्षक अभियंता.

हे पत्र एका पानात मावते. आपण कोण, काय घडले, त्याला पुरावा काय, आपल्या बाजूने आपण काय केले, नेमके काय हवे आणि केव्हापर्यंत हवे, या क्रमाने ते पुढे सरकते. अंतर्गत गळती नसल्याचे आधीच सांगितल्यामुळे ‘प्रथम आपली वाहिनी तपासून घ्या’ हे नेहमीचे उत्तर देण्यास जागा उरत नाही. समोरून येऊ शकणाऱ्या पहिल्या शंकेचे उत्तर पत्रातच देऊन ठेवणे, हे अनुभवी पत्रलेखकाचे लक्षण होय.

एका पत्रात एकच विषय असावा. पाणी, कचरा, पथदिवे आणि उद्यान यांची मागणी एकाच पत्रात केली, तर ते पत्र ज्या विभागात प्रथम जाईल तिथेच अडकते आणि उरलेले विषय त्या फाइलमध्ये दबून जातात. चार विषय असतील तर चार पत्रे लिहावीत.

भाषा व सूर

सेवेची मागणी करताना दोन टोके टाळावीत. एक टोक अतिलीनतेचे. आपण ज्या सेवेचे शुल्क भरतो, ती मागताना ‘उपकृत करावे’, ‘कृपादृष्टी असावी’ असे लिहिण्याचे कारण नाही. दुसरे टोक धमकीचे. पहिल्याच पत्रात आंदोलनाचा किंवा न्यायालयाचा इशारा दिला, तर पुढच्या पत्रासाठी काही शिल्लक राहत नाही. शिवाय अशा पत्राला उत्तर देण्याआधी अधिकारी स्वतःच्या बचावाचा विचार करू लागतो. सौजन्य राखून ठामपणे लिहिता येते. ‘करावे, ही विनंती’ या शब्दांत नम्रता आहे आणि मागणीही आहे.

जुन्या मराठी पत्रव्यवहारात याबाबत मोठी शिस्त होती. समोरच्याच्या दर्जाप्रमाणे मायना ठरलेला असे. त्यानंतर ‘विज्ञापना ऐसी जे’ म्हणून मजकुरास आरंभ होई आणि अखेरीस ‘बहुत काय लिहिणे’ असे म्हणून लेखणी थांबविली जाई. राजपत्रांवर आरंभी शिक्का व शेवटी मोर्तब उमटविले जाई. मोर्तब पडल्यावर त्यापुढे कोणालाही ओळ वाढविता येत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही वापरतो तो यातूनच आला. आजच्या पत्रातील विषय, दिनांक, स्वाक्षरी व संस्थेचा शिक्का ही त्याच शिस्तीची रूपे आहेत. दिनांक नसलेले किंवा कोणत्या पदाने सही केली हे न सांगणारे पत्र अधिकृत ठरविणे कार्यालयाला कठीण जाते.

पत्र मराठीत लिहावे की इंग्रजीत, असा प्रश्न विचारला जातो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा आहे. त्यामुळे राज्य शासनाच्या यंत्रणांना मराठीत लिहिण्यात कोणताही संकोच नको. रेल्वे किंवा बंदर प्राधिकरण यांसारख्या केंद्राच्या यंत्रणांबाबतही राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० आपल्या बाजूने आहे. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क तो प्रत्येकास देतो. काम लवकर व्हावे म्हणून सोबत इंग्रजी प्रत जोडणे सोयीचे असेल तर अवश्य जोडावी.

खासगी संस्थेकडे सेवा मागताना

आतापर्यंतचे विवेचन सार्वजनिक यंत्रणांबाबत झाले. खासगी ठेकेदाराकडून किंवा कंपनीकडून सेवा घ्यायची असते तेव्हा पत्राचा उद्देश बदलतो. तिथे दरपत्रक मागवायचे असते, आणि सर्व दरपत्रके एकमेकांशी ताडून पाहता यावीत अशा रीतीने ती मागवावी लागतात. ‘उद्वाहकाच्या वार्षिक देखभालीचा दर कळवावा’ एवढेच लिहिले, तर एक ठेकेदार सुटे भाग धरून दर देईल, दुसरा ते वगळून देईल आणि कमी रकमेचे दरपत्रक स्वीकारणारी संस्था वर्षभर सुट्या भागांची वेगळी देयके भरत बसेल.

म्हणून अशा पत्रात उद्वाहकांची संख्या, मजले, बनावट व बसविल्याचे वर्ष द्यावे. सुटे भाग दरात समाविष्ट हवेत की नकोत, महिन्यात किती भेटी अपेक्षित आहेत आणि बिघाड झाल्यास किती तासांत तंत्रज्ञ यावा, हे स्पष्ट करावे. वस्तू व सेवा कर दरात धरला आहे की वेगळा, हे विचारावे. दरपत्रक पाठविण्याची अंतिम तारीख व ते किती दिवस ग्राह्य राहावे, हेही लिहावे. हेच पत्र शब्दशः सर्व ठेकेदारांना पाठवावे. देयक किती दिवसांत चुकते करू हे सांगणे सौजन्याचे तर आहेच, शिवाय ठेकेदार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार करारातही ही मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही.

द्रोणागिरीत ज्यांचा व्यवसाय मालवाहतुकीशी निगडित आहे, त्यांना कंटेनर फ्रेट स्टेशनला वारंवार पत्रे लिहावी लागतात. तिथे अचूकपणाला पैशाचेच मोल असते. कंटेनरचा क्रमांक चार अक्षरे व सात अंक असा असतो आणि त्यातील शेवटचा अंक आधीच्या अक्षर-अंकांवरून गणिताने काढलेला पडताळणीचा अंक असतो. पत्रात एक अंक इकडचा तिकडे झाला, तर कंटेनर सापडत नाही आणि तोवर जागाभाडे चढत राहते. अशा पत्रात कंटेनर क्रमांक, सील क्रमांक, बिल ऑफ लेडिंगचा क्रमांक, मालाचे वर्णन व वजन, हवी असलेली सेवा आणि ती हवी असलेली तारीख व वेळ एवढेच असावे. माल शीतकंटेनरमधील असेल तर राखायचे तापमान विषयाच्या ओळीतच लिहावे.

पोच आणि पाठपुरावा

पत्र दिले म्हणजे काम झाले, असे नव्हे. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर तारीख, शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. ही पोच म्हणजे आपल्या पत्राचा जन्मदाखलाच. टपालाने पाठवायचे असल्यास एक बदल लक्षात ठेवावा : टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे. त्यामुळे स्पीड पोस्टची पावती व पत्र पोहोचल्याचा पुरावा दोन्ही जपून ठेवावेत. ई-मेलने पाठविलेल्या पत्रालाही माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मुळे कायद्याची मान्यता आहे. मात्र त्यातही विषय, दिनांक, सहपत्रे आणि सही करणाऱ्याचे पद याबाबतची शिस्त तीच असावी.

दिलेली मुदत उलटली की स्मरणपत्र पाठवावे. त्यात सगळी हकिगत पुन्हा सांगू नये. आधीच्या पत्राचा दिनांक व आवक क्रमांक, उलटून गेलेले दिवस आणि तीच मागणी एवढे चार ओळींत पुरते. त्यानंतरही उत्तर न आल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा आणि ‘अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची व शेऱ्यांची प्रत मिळावी’ अशी मागणी करावी. त्याचे उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. मागितलेली सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल, तर तिच्यासाठी ठरावीक मुदत असते. ती न पाळल्यास प्रथम अपील, द्वितीय अपील व त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग असा मार्ग खुला आहे. विजेच्या बाबतीत ग्राहक तक्रार निवारण मंच व विद्युत लोकपाल यांच्याकडे जाता येते.

या प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न प्रथम विचारला जातो : ‘आपण लेखी मागणी केव्हा केली व तिची पोच आहे का?’ ज्याच्याकडे दिनांकित पत्र आणि शिक्का असलेली प्रत आहे, त्याचे म्हणणे तिथे ऐकले जाते. ज्याने वर्षभर केवळ तोंडी तक्रारी केल्या, त्याला त्या दिवशी पहिले पत्र लिहायला बसावे लागते.

म्हणून प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने व छोट्या व्यावसायिकाने एक साधी जावक नोंदवही ठेवावी. त्यात पत्राचा क्रमांक, दिनांक, कोणास लिहिले, विषय, पोच आणि उत्तर असे सहा रकाने पुरेत. समिती बदलते, सचिव बदलतात, समोरचे अधिकारीही बदलतात. नव्या वस्तीत आज राहायला आलेल्या कुटुंबांनी ही वही पहिल्या वर्षापासून भरत नेली, तर पाच वर्षांनी येणाऱ्या सचिवाला पाण्याच्या प्रश्नाची हकिगत कोणाकडून ऐकून घ्यावी लागणार नाही. ती तारखांसह त्याच्या हाती असेल आणि पुढचे पत्र त्याला तिथूनच लिहिता येईल.